कडेचे ठिपके

नाकुरू,
६ फेब्रुवारी २०१८

प्रिय मामा,

चामगे, आणि मामीलाही माझा चामगे सांगा. तुमच्या कानांनी संप पुकारल्यापासून मी फोनवर घसा फोडून बोलते आणि तुम्ही "हो, पाऊस अजून नाही" एवढंच म्हणता. तेव्हा आता पत्रच. हे काप्साबेतला जाणाऱ्या मटाटू गाडीवाल्याच्या हातात देतेय. तो चहाचा पाला तोलायच्या काट्यावर केबेनेईकडे टाकेल आणि केबेनेई पाकीट उजेडात धरून बघून मग तुम्हाला देईल.

नोकरीला लागून दोन महिने झाले, आणि ह्या लोकांनी मला उगाच घेतलं नाही असं काल पहिल्यांदा वाटलं. आमच्या केंद्रात अकराशे चाळीस गाईंच्या नोंदी आहेत. गाय व्याल्यापासून आटेपर्यंत दर महिन्याला दूध किती दिलं, त्याचे आकडे. त्या आकड्यांमधून एक वाकडी रेघ काढायची. सुरुवातीला चढणारी, दीड-दोन महिन्यांनी माथ्यावर पोचणारी, मग हळूहळू उतरणारी. तुम्ही सायकलच्या ब्रेकची तार आलेखाच्या कागदावर वाकवून हेच करत होतात. इथे ती तार सॉफ्टवेअरच्या पोटात आहे आणि स्वतःच वाकते. पण दर गाईला मेनू उघडा, वक्राचा प्रकार निवडा, सुरुवातीचे अंदाज भरा, बटण दाबा, चित्र जपून ठेवा, बंद करा, की पुढची गाय. एकीला सहा मिनिटं. माझ्या आधीचा माणूस ह्याच कामावर तीन आठवडे बसायचा आणि शेवटी मानेला पट्टा लावून घरी जायचा.

मी काय केलं, तर त्या सॉफ्टवेअरला सगळं एकदाच लिहून दिलं. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. गाय उघड, नोंदी घे, वक्र बसव, सुरुवातीचा अंदाज म्हणून केंद्राच्या स्वतःच्या गोठ्यातल्या गाईंचे आकडे धर, शंभर वेळा प्रयत्न कर, जमलं तर चित्र काढून ठेव, नाही जमलं तर ती गाय बाजूला टाक, आणि मध्येच थांबून मला काही विचारू नकोस. एवढं लिहायला नऊ दिवस गेले. काल चालवली. मी चहा करून आणला, प्यायले, कप धुतला, तोवर संपलं. एकोणीस मिनिटं. आमच्या विभागाच्या डॉक्टर नाफुला उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्या कुणाच्या खुर्चीमागे उभ्या राहत नाहीत.

ही नुसती वेगाची चाचणी होती, रेघा अजून बघितलेल्या नाहीत. खरं काम दोन आठवड्यांनी. वीस एप्रिलच्या बैठकीत ह्या रेघांवरून बारा गाई निवडायच्या आहेत. त्यांचे गोऱ्हे सगळ्या डोंगरी भागासाठी वळू म्हणून वाढवले जातील. ज्या गावांच्या नोंदी विश्वासाच्या नाहीत, त्यांची नोंदणी त्याच बैठकीत बंद होणार. पण तुमच्या हाताखालच्या गावाला त्याचं काय? कापतोरोरची सगळी रजिस्टरं तुमच्याच अक्षरातली आहेत. परवा एक बाहेर काढून नुसतं बघत बसले होते.

सामो व्याली का? मामीला सांगा, तिच्या भोपळ्यात आंबवलेलं मर्सिक पाठव. इथलं दूध पांढरं पाणी आहे.

तुमची,
जेमेली


कापतोरोर,
११ फेब्रुवारी

पोरी जेमेली,

पत्र पोचलं. केबेनेईने ते उजेडात धरलंच, वर मलाच विचारतो, "नऊ दिवस कशाला लागले?"

एकोणीस मिनिटांत अकराशे गाई. मला एका गाईच्या दारात पोचायला याहून जास्त वेळ लागायचा, आणि पोचल्यावर तिची मालकीण चहा पाजल्याशिवाय बादली दाखवायची नाही. एकतीस वर्षांत मी प्यायलेल्या चहाची रेघ कुणी काढली तर ती कधीच उतरायची नाही. असो. तू हुशार आहेस हे आम्हाला ठाऊक होतं, आता नाकुरूलाही ठाऊक झालं.

एक मात्र समजलं नाही. ते मध्ये थांबून विचारत नाही म्हणतेस. मग त्याला एखाद्या गाईची शंका आली तर ते काय करतं? माझ्या हाताखाली एक पोरगा होता, फार चटपटीत. कधी काही विचारायचा नाही. त्याने एकदा महिनाभर आटलेल्या गाईचं दूध लिहून आणलं होतं.

सामो तीस जानेवारीला व्याली. गोऱ्हा आहे, काळाकुट्ट, नाव तुई. पहिल्याच दिवशी उभा राहून त्याने माझ्या पायजम्याला ढुशी दिली. तुझी मामी गावभर सांगत सुटली आहे की बारा गाईंत सामो पहिली येणार. मी तिला चांगलं झापलं. निकालाआधी असं बोलू नये. मी स्वतः कुणाजवळ अवाक्षर काढलेलं नाही.

मर्सिकचा भोपळा मटाटूतून पाठवला आहे. उभा धरायला सांग.

तुझा मामा,
किपतलाम


नाकुरू,
२३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

भोपळा आडवा आला. मटाटूभर वास सुटला होता म्हणे, पण अर्धा शिल्लक होता. तो मी एकटीने संपवला.

काम झालं. एकवीस तारखेला स्क्रिप्ट सगळ्या गाईंवर चालवली. अकराशे चाळीसपैकी चौसष्ट गाई बाजूला पडल्या. हे प्रमाण वाईट नाही, डॉक्टर खूश आहेत.

आता जे लिहायचं आहे ते कसं लिहावं हे कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. त्या चौसष्टपैकी बावन्न कापतोरोरच्या आहेत. तुमच्या गावच्या पंचावन्न गाईंपैकी फक्त तीन टिकल्या, यादी सोबत जोडली आहे. सामोही बाजूला पडली. तिची मागच्या वेतातली रेघ चढतच नाही. पहिल्या महिन्यात रोजचं सात लिटर, पाचव्यात सात, आठव्यातही सात. माथा नाही, उतार नाही. सगळ्या बावन्न जणी अशाच. काहींची रेघ तर शेवटी वर जाते, आणि तसं कुठल्याच गाईचं होत नाही.

नोंदी घरी बसून भरल्या की आकडे असे सपाट येतात, असं डॉक्टर म्हणतात. पाऊस असेल, रस्ता वाहून गेला असेल, तेव्हा माणूस मागच्या महिन्याचा आकडा पुन्हा लिहितो. त्यांना विचारायचं आहे की असं कधी झालं होतं का. रागावू नका. तसं झालं असेल तर कळवा, मी इथे समजावून सांगेन. सगळेच कधी ना कधी तसं करतात.

तुमची,
जेमेली


कापतोरोर,
५ मार्च

जेमेली,

मी मामी. मी सातवीपर्यंत शिकले आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तू काय लिहिलंस ते मला त्यांनी दाखवलं नाही. पाकीट उशीखाली ठेवलंय. पण तीन दिवस मक्याच्या किमयेतचा गोळा ताटात तसाच राहतोय. परवा त्यांनी आढ्यावरून सायकल खाली काढली, तिच्यात हवा भरली आणि निघाले. मला वाटलं काप्साबेतला चालले. कुठले काप्साबेतला! घरोघर जातायत. प्रत्येक बाईच्या दारात उतरून विचारतात, "मी कधी बादलीत न बघता आकडा लिहिला होता का? आठवून सांग." बायका घाबरून नाही म्हणतात. मग म्हणतात, "घाबरून सांगू नकोस, आठवून सांग." चेपकोर म्हातारी तर म्हणाली, "बाबा, तू बादलीत बघायचास, मग पुन्हा बघायचास, मग माझ्याकडे बघायचास, की मी पाणी घातलंय का." तेवढ्यावर जरा हसले म्हणे.

आणि सामो पहिली येणार हे मी गावभर सांगितलं असं त्यांनी तुला लिहिलं असेल. मी फक्त दोघींना सांगितलं. ह्यांनी देवळात रविवारी उभं राहून सगळ्यांना सांगितलं, आणि त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता नोंदणी बंद होणार असं बायका बोलतायत. बंद झाली तर इकडे वळूचं बीज यायचं नाही, डॉक्टर यायचा नाही. पण त्याचं मला एवढं नाही. तुझ्या मामाचं बघ.

मामी,
तापसुबेई


कापतोरोर,
९ मार्च

कुमारी जेमेली यांस,

आपले दिनांक २३ फेब्रुवारीचे पत्र मिळाले. आपल्या डॉक्टरांस उत्तर पुढीलप्रमाणे कळवावे.

मी एकतीस वर्षे कापतोरोर व भोवतालच्या चार गावांत दूधनोंदणी केली. त्यात माझे सोळा दिवस चुकले. नऊ दिवस हिवताप होता, सहा दिवस पूल नव्हता आणि एक दिवस माझ्या बहिणीचे, म्हणजे आपल्या मातोश्रींचे, लग्न होते. त्या दिवसांची जागा रजिस्टरात कोरी आहे. कोरी जागा भरायला शाई लागते, आणि शाई माझ्याकडे होती. तरी ती कोरी आहे.

आपल्या यंत्राने आमच्या तीन गाई तेवढ्या पसंत केल्या. त्या तिन्ही मला चांगल्या आठवतात, कारण तिघींची वासरे जन्मली त्याच आठवड्यात मेली. मालकिणी डोळे पुसत चारही सड बादलीत पिळायच्या. तेवढ्याच आपल्याला खऱ्या वाटल्या यात नवल नाही. आपल्या केंद्रात वासराला बाटलीने पाजतात असे ऐकतो.

यापुढे पत्रव्यवहार नको.

आपला,
किपतलाम अराप सोंगोक
निवृत्त दूधनोंदणीकार


नाकुरू,
१८ मार्च

मामा,

पत्रव्यवहार नको म्हणालात, तरी हे वाचा. उशीखाली ठेवा, पण आधी वाचा.

तुमचं पत्र मी फाटकाशी उभी राहून वाचलं. "चारही सड बादलीत पिळायच्या" इथे थांबले. पुन्हा वाचलं. मग चपला हातात घेऊन धावत नोंदींच्या खोलीत गेले, कारण तिथली फरशी नुकतीच पुसली होती आणि पहारेकरी ओरडतो.

मी विसरले होते, मामा. ज्या घरात वाढले तिथली गोष्ट विसरले. मामी पुढचे दोन सड पिळते आणि मागचे दोन वासराला सोडते. वासरू चार महिन्यांचं झालं की तीन पिळते, ते चरायला लागलं की चार. मी स्वतः वासरू धरून उभी राहायचे. म्हणजे गाईला दूध सर्वांत जास्त असतं तेव्हा बादलीत अर्धंच पडतं, आणि ती आटत येते तेव्हा सगळंच्या सगळं बादलीत. रेघ सपाट दिसणार नाही तर काय होणार?

आणि ते तुम्ही लिहून ठेवलं होतं. रजिस्टर उघडलं तर प्रत्येक आकड्याच्या कडेला निळे ठिपके. दोन, दोन, दोन, तीन, तीन, चार. एकतीस वर्षं, एकही आकडा ठिपक्यांवाचून नाही. ज्यांनी ही रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवली त्यांनी फक्त आकडे चढवले. एका पानावर तर कुणीतरी ते ठिपके खोडरबराने घासलेत, माशीची घाण समजून.

त्याहून वाईट सांगते. मी मागचे सगळे संदेश काढून बघितले. सॉफ्टवेअरने त्या प्रत्येक गाईपाशी लिहिलं होतं, माथा सापडत नाही, नोंदी तपासा. बावन्न वेळा. पण विचारू नकोस असं मीच त्याला बजावलं होतं, म्हणून ते मनातल्या मनात लिहून पुढे गेलं. ती ओळ मी पहिल्यांदा खोडली. मग सहा दिवस बसून तुमचे ठिपके टाइप केले, एक हजार नऊशे बारा नोंदींचे. आता स्क्रिप्ट आधी ठिपके बघते, त्यावरून चारही सडांचं दूध धरते, मग वक्र बसवते. सुरुवातीचा अंदाजही आता डोंगरातल्या गाईंचा घेते, आमच्या केंद्रातल्या गाईंचा नाही. आणि अडली की थांबून मला विचारते. पहिल्याच तासात सतरा वेळा विचारलं. मी सतरा वेळा रजिस्टर उघडलं.

सामोची रेघ आली, मामा. पंचेचाळिसाव्या दिवशी माथा.

पण डॉक्टर नाफुला एवढ्यावर ऐकायला तयार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. त्या म्हणतात, दोन सडांचं दुप्पट केलं की चारांचं होतं हे कुणी ठरवलं? मागचे सड जास्त देतात. किती जास्त, ते मोजून आणा. तीन दिवस काही गाईंचे चारही सड पिळून दाखवा, नाहीतर बावन्न गाई बाहेरच राहतील. त्या स्वतः सव्वीस तारखेला येतायत. मामीला सांगाल का?

आणखी एक. तो प्रश्न डॉक्टरांचा नव्हता. नोंदी घरी बसून भरल्या असतील हे आधी मीच म्हणाले, बैठकीत, सगळ्यांसमोर. त्या फक्त हो म्हणाल्या. तुम्हाला लिहिताना मी त्यांच्या नावावर टाकलं, कारण मला लाज वाटली.

जेमेली


कापतोरोर,
३० मार्च

जेमेली,

पुन्हा मीच. ते लिहीत नाहीत, पण तुझं पत्र उशीखालून निघून सदऱ्याच्या खिशात आलंय.

तुझ्या डॉक्टरबाई आल्या. चांगल्या आहेत. शहरी बूट घालून आल्या, गोठ्यात शिरण्याआधी ते काढले आणि अनवाणी आल्या, तेव्हाच मला आवडल्या. त्या म्हणाल्या, "मामी, तीन दिवस चारही सड पिळायचे." मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "फक्त तीन दिवस." मी म्हटलं, "पुढचे दोन माझे आहेत, ते तुम्हाला हवे तर आयुष्यभर देते. मागचे दोन तुईचे आहेत. ते मी कशी देऊ?" बाकीच्या बायकाही माझ्या मागे उभ्या राहिल्या. तुझे मामा कोपऱ्यात उभे राहून दोरी वळत होते.

मग मीच म्हटलं, वासराला पिण्याआधी तोला आणि पिऊन झाल्यावर तोला. जितकं वाढेल तितकं आईचं दूध. डॉक्टरबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, असं पुस्तकात आहे. मी म्हटलं, असू दे.

पण तोलायचं कशावर? गावात एकच काटा, केबेनेईचा, चहाच्या पाल्याचा. केबेनेई म्हणाला, ह्या आकड्याला आजवर पाल्याच्या गोणीशिवाय काही लटकलेलं नाही. शेवटी तयार झाला. तुझ्या मामांनी वळलेली दोरी झोळीला लावली, तुईला झोळीत घातलं आणि आकड्याला टांगलं. असा ओरडला की सगळ्या मळ्यातल्या तोडणाऱ्या बायका टोपल्या पाठीवर घेऊन धावत आल्या. केबेनेईने आकडा वाचला, आणि सवयीने गोणीचा एक किलो वजा करून लिहिला. सगळ्या बायका त्याच्यावर तुटून पडल्या. एक म्हणाली, "वीस वर्षं आमच्या पाल्यातून कापलास, आता वासरातूनही कापतोस का?" त्याने मुकाट्याने किलो परत घातला.

मग तुई प्यायला. पुन्हा टांगायला नेला तर वाटेत मुतला. डॉक्टरबाई म्हणाल्या, अरे देवा, आता वजन चुकणार. मी टोपलं पुढे केलं होतंच, हो, चहाचं, त्यात केळीचं पान घालून. बरंचसं धरलं. म्हटलं, हेही तोला, मघाशी तोललं तेव्हा हे त्याच्या पोटात होतंच. तोललं. केबेनेई अजून तोंड फिरवून बसतो.

एका वेळच्या धारेला बादलीत साडेतीन लिटर. तुईच्या पोटात साडेचार किलो.

आम्हाला एवढी वर्षं वाटायचं की अर्धं आम्ही घेतो. आम्ही अर्ध्याहून कमी घेत होतो. तुझ्या मामांनी तो आकडा ऐकला, दोरी खाली ठेवली आणि डॉक्टरबाईंना म्हणाले, "लिहा." तीन आठवड्यांत त्यांनी तोंडातून काढलेला तो पहिला मोठा शब्द. मग तीन दिवस अकरा वासरं टांगली, आणि प्रत्येक वेळी आकडा त्यांनी स्वतः वाचला. केबेनेईला वाचू दिला नाही.

तापसुबेई


नाकुरू,
२१ एप्रिल

प्रिय मामा, प्रिय मामी,

काल बैठक झाली.

अकरा वासरांचे आकडे मी स्क्रिप्टमध्ये घातले. दोन ठिपक्यांना किती धरायचं, तीन ठिपक्यांना किती, हे आता अंदाजाने नाही, तुईने आणि त्याच्या दहा भावाबहिणींनी ठरवलं. भर दुपारी, सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर चालवली, कारण डॉक्टर नाफुला म्हणाल्या की ज्या खोलीत आपण चुकीचं बोललो त्याच खोलीत बरोबर बोलू. बावन्नपैकी सत्तेचाळीस रेघा बसल्या. एकामागून एक माथे उगवताना बघून मागच्या रांगेतलं कुणीतरी मोजायला लागलं, मग सगळेच मोजायला लागले. पाच अजून बसत नाहीत. त्यांतल्या दोनांत चूक तुमची आहे, मामा, नवाचे सहा वाचले जातात. उरलेल्या तीन गाई खरोखरच विचित्र आहेत.

कापतोरोरची नोंदणी चालू राहणार. बारा गाईंत तीन तुमच्या गावच्या. सामो चौथी आली. पहिली नाही, मामी, देवळात कुणी काही जाहीर केलं असेल तर त्यांनी ते निस्तरावं. पण चौथी म्हणजे तुई वळू होणार. जूनमध्ये दूध तुटलं की केंद्राची गाडी त्याला न्यायला येईल. मामी, हे वाचून तू एकदम दोन्ही करशील, हसशीलही आणि रडशीलही. कर.

मे महिन्यापासून सगळ्या गावांच्या फॉर्मवर नवीन रकाना आहे: बादलीत किती सड पिळले. डॉक्टर म्हणाल्या, ह्यात ठिपकेच द्यायचे, आकडा नको, म्हणजे दुधाच्या आकड्यात मिसळणार नाही. आणि सव्वीस नोंदणीकारांना ते शिकवायला तुम्ही दोन दिवस यावं असं त्यांनी वेगळ्या पत्रात लिहिलंय. त्यात माफीही मागितली आहे. माझी माफी त्यात नाही, ती मी इथे मागते. मामा, मी चुकले. तुमच्या नोंदी वाचण्याआधी तुमच्यावर शंका घेतली. त्या दिवसापासून रोज सकाळी कामाला बसताना तेच आठवतं, आणि तुमच्या हाताचं एक पत्र येईपर्यंत आठवत राहील.

तुमची,
जेमेली


कापतोरोर,
२७ एप्रिल

पोरी जेमेली,

तुझं पत्र मी चहाच्या काट्यावर उभं राहून सगळ्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवलं. ऐकू येत नाही म्हणून मी फारच मोठ्याने वाचतो असं म्हणतात. खालच्या मळ्यातल्यांनीही टाळ्या वाजवल्या. तुझी मामी तू म्हणालीस तसं दोन्ही करून आता तुईला जास्तच पाजते आहे. पुढचे दोन सडही सोडायला निघाली होती. मी अडवलं, म्हटलं, नोंद बिघडेल.

नवाचे सहा झाले ते जुन्या पेनमुळे. तरी चूक माझीच.

आता तुझ्या माफीचं. मी रागावलो तो तुझ्या प्रश्नावर नव्हे. तो प्रश्न तुझाच आहे हे मला पहिल्याच वाचनात कळलं होतं. पावसात रस्ता वाहून जातो हे नाकुरूच्या डॉक्टरांना कुठून माहीत असणार? आणि नोंदणीकाराला तसं विचारायलाच हवं. मीही पोरांना विचारायचो.

मला लागलं ते दुसरंच. मला कायम वाटायचं की नाकुरूला कुणीतरी एक माणूस टेबलाशी बसलेला आहे. माझं रजिस्टर गेलं की तो पान उलटतो, कडेला बघतो आणि म्हणतो, बरं, ह्या बाईने वासराला दोन सोडलेत. मी त्याच्यासाठी ठिपके द्यायचो. पावसात रजिस्टर सदऱ्याच्या आत घालून न्यायचो ते त्याच्यासाठी. त्याचं नाव कधी विचारलं नाही, पण तो आहे एवढं मला पुरायचं. तुझ्या पत्रावरून कळलं की एकतीस वर्षं तिथे कुणी नव्हतंच. तेव्हा मला जेवण गेलं नाही. सायकल काढून घरोघर फिरलो ते एवढ्याचसाठी, की निदान इथे तरी मला कुणी बघितलं होतं का ते कळावं.

हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. काल तुझ्या मामीला सांगितलं. ती सामोच्या कासेखाली बसली होती. तिने मान वर केली नाही, धारही थांबवली नाही. म्हणाली, "माणूस होता की. तिला नोकरीला लागायला जरा उशीर झाला, एवढंच."

शिकवायला येतो आहे.

तुझा मामा